उजव्या हाताचे दोनशे दाणे

अवरे आले. कुणी सांगावं लागलं नाही. सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि कोपऱ्यावरच्या जयम्माच्या हातगाडीपाशी पाय पुढे गेले, नाक मागे राहिलं. अवरेकाई म्हणजे आपला पावटाच, पण बेंगळूरच्या मार्गशीर्षातल्या दवानं न्हालेला. त्या दवानं शेंगेवर एक तेलकट, रानटी वास चढतो. इथं त्याला सोगडू म्हणतात. वास असा की जे. पी. नगरच्या एका टोकाला कुणी शेंग मोडली तर दुसऱ्या टोकाच्या म्हाताऱ्याची चोंदलेली नाकपुडी मोकळी होते. आमच्या गल्लीतले एक निवृत्त बँक मॅनेजर चार वर्षं बायकोशी बोलत नव्हते. अवरे आल्या दिवशी त्यांनी आपणहून विचारलं, आज सार करणार का. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. माझ्या चांगल्या गोष्टींपैकी एकही मी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

पूर्वी हा वास आला की मी पिशवी नसली तर लुंगीच्या ओच्यात शेंगा घेऊन यायचो. आज दूध घेतलं आणि जयम्माकडे न बघता घरी आलो. तीन वर्षांपूर्वीच्या अवरेच्या मोसमात मी रोज एका वहीत खोटं लिहिलं, आणि ते एका हाताला भोवलं. हात माझ्या बायकोचा. उजवा.

आधी दाणे सोलण्याचं सांगतो, कारण सगळं तिथंच आहे. शेंगांतून दाणे काढले की अर्धंच काम झालं. मग ते पाण्यात भिजत घालायचे, फुगले की एकेक चिमटीत धरून दाबायचा, की आतला हिरवा गर सालीतून सुळकन बाहेर येतो. तिकडे कोकणात वालाच्या डाळिंब्या सोलतात ना, तसंच. इथं याला हितकवरे म्हणतात, आणि घरातली सगळी माणसं परातीभोवती बसून ते करतात, कारण एकट्यानं करायचं म्हटलं तर मोसम सरतो आणि आमटी होत नाही. एकटीनं करणारी बाई मी एकच पाहिली. सरोजा, माझी पत्नी. टीव्ही बघत, फोनवर बहिणीशी भांडत, नुसत्या उजव्या हातानं ती दाणे उडवायची. दाणा दिसायचाच नाही. टप्, टप्, टप्, आणि परातीत हिरवा ढीग. एकदा एक दाणा खिडकीतून सुटला तो खाली रिक्षावाल्याच्या कानशिलावर बसला. माणूस इतका हादरला की पुढचं गिऱ्हाईक त्यानं मीटरनं नेलं. गल्लीत अजून लोक त्या दिवसापासून वर्षं मोजतात.

मला ते कधी जमलं नाही. मी दाबला की दाणा साल-गरासकट चिरडायचा आणि सरोजा म्हणायची, उठा, लोखंड नाही ते.

लोखंड मला येत होतं. पीण्यात, म्हणजे इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, मी छत्तीस वर्षं फिटर होतो, शेवटची बारा टूलरूमचा फोरमन. माझ्या बोटांबद्दल मी जे सांगतो त्यातलं अर्धं तरी खरं आहे. घासलेल्या पोलादावरून करंगळी फिरवून मी म्हणायचो, इथं केसाच्या निम्म्यानं उंच आहे. मोजलं की तेवढंच निघायचं. उरलेलं अर्धं असं की त्याच करंगळीनं मी दाराची कडी चाचपून आत बसलेल्या साहेबांचा राग ओळखायचो.

आम्हाला शिकवणारे मेस्त्री नव्या माणसाच्या हातात कानस द्यायचे, लोखंडाचा ठोकळा व्हाइसमध्ये आवळायचे आणि म्हणायचे, सपाट कर. एवढंच. सपाट होत नाही. पहिले तीन महिने कुणाचंच होत नाही. हात पुढे जाताना झुलतो आणि ठोकळ्याची घोड्याची पाठ होते. वर गुण्या ठेवून उजेडाकडे धरलं की फटीतून सूर्योदय दिसतो. मेस्त्री काही बोलायचे नाहीत. दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभे. मी एकदा वैतागून विचारलं, सांगत का नाही, कुठं चुकतंय. ते म्हणाले, “हाताला कन्नड येत नाही, मराठीही येत नाही. हाताला चूक तेवढी कळते. ती त्याच्याकडून काढून घेऊ नये.” पुढे मी फोरमन झालो तेव्हा मीही तसाच हात बांधून उभा राहिलो. अर्धं पीण्या माझ्या नजरेखाली शिकलं असं मी सांगत असतो. निदान एक गल्ली तरी नक्की शिकली. कुणाच्या हातातली कानस मी कधी ओढून घेतली नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे मी काय केलं ते वाचताना तुम्हाला माझ्या अडाणीपणाची दया यायला नको.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. सरोजा देवापुढे दिवा लावत होती आणि काडी हातातून पडली. तिनं उचलली, पुन्हा पडली. तिसऱ्यांदा ती काडीकडे रागानं बघत राहिली, जणू काडीच वाह्यात निघाली. मग उजवा पाय दुमडला.

दवाखान्यात अकरा दिवस. बोलणं आठवड्यात परत आलं, टोमण्यांसकट. पाय महिन्याभरात फरपटत का होईना चालायला लागला. हात आला नाही. खांद्यापासून हलायचा, कोपरात वाकायचा, पण बोटं कुणा दुसऱ्याची आणून लावल्यासारखी. ती सकाळी उशीवर आपलाच हात डाव्या हातानं उचलून नीट ठेवायची, शेजारी झोपलेल्या मुलाला सरकवावं तसा.

मग प्रणाली आली. फिजिओथेरपीवाली, नागपूरची मुलगी, राहायला मारतहळ्ळीला. आमचे पूर्वज तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी घोड्यावरून या गावात आले, मारतहळ्ळीहून जे. पी. नगरला यायला प्रणालीला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात ते परत जाऊन आले असते. पहिल्या दिवशी आमचं ‘स्वल्प’, ‘सरी’ असे कन्नड शब्द पेरलेलं मराठी ऐकून तिनं हसू आवरलं. तिचं ‘करून राहिले, जाऊन राहिले’ ऐकून आम्ही आवरलं नाही. त्यामुळे लगेच जमलं.

तिनं सरोजाला विचारलं, काकू, सगळ्यात आधी काय करता आलं पाहिजे तुम्हाला. मला वाटलं, स्वयंपाक म्हणेल, रांगोळी म्हणेल. मी तर तोवर प्रणालीला सरोजाच्या रांगोळीच्या तीन कथा सांगूनही टाकल्या होत्या. एकीत मोर उडून गेला होता.

सरोजा म्हणाली, “ब्लाउजचे हुक.”

प्रणालीनं मान हलवली. सरोजा माझ्याकडे न बघता पुढे म्हणाली, “हे लावतात. चार सेकंदांत लावतात. मला ते नको आहे.”

त्या चार सेकंदांचा मला अभिमान होता. दवाखान्यातून आल्यापासून मी तिला भरवत होतो, वेणी घालत होतो, हुक लावत होतो, आणि सगळं कसं झटपट, सफाईनं, टूलरूमला शोभेलसं. आल्यागेल्याला सांगतही होतो. हुक लावताना तिची नजर रोज भिंतीवरच्या कॅलेंडरकडे असायची, हे मला त्या दिवशी प्रथम आठवलं.

प्रणालीनं समजावलं ते असं की मेंदूतला एक रस्ता बुजलाय, शेजारून दुसरा पाडायचा, आणि पायवाट जशी चालून चालून पडते तसाच तो पडतो. नुसतं चोळून, मालिश करून नाही. हातानं स्वतः काहीतरी करायला जायला हवं, चुकायला हवं, पुन्हा जायला हवं. पहिले काही महिने मेंदू फार ऐकतो. पुढे पुढे कान झाकून घेतो. तिचं चालू असतानाच दारात जयम्मा उभी. अक्काला बरं नाही म्हणून सोललेल्या अवरेची पिशवी घेऊन आलेली. तिच्या मते अवरेच्या वासानं मेलेला माणूसही ताटावर येऊन बसतो. ही बाई माझी शिष्या शोभेल.

प्रणालीला अवरे काय ते माहीत नव्हतं. सरोजानं डाव्या हातानं करून दाखवलं, वेडंवाकडं. आणि त्या मुलीचा चेहरा उजळला. हुक लावायला जी चिमूट लागते तीच ही चिमूट. “काकू, रोज दोनशे दाणे. उजव्या हातानं. फुटला तरी मोजायचा, पडला तरी मोजायचा, दाबायला गेलं म्हणजे झालं. काका, तुम्ही मधी हात नका लावू बरं. फक्त वहीत लिहून ठेवा.” ती दर शनिवारी येणार, वही बघणार, त्यावरून पुढचं ठरवणार.

मी मनात म्हटलं, पोरी, कुणाला सांगतेस. बारा वर्षं हात बांधून उभा राहिलोय.

पहिल्या दिवशी पाऊण तासात नऊ. त्यातले बोटांत धरले गेले ते चार, आणि साल एकाचीही सुटली नाही. दुसऱ्या दिवशी सात. शिकणारा हात बघणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. लोखंडाच्या ठोकळ्यासमोर चुकणारा माणूस माझा कुणी नव्हता, संध्याकाळी सात वाजता तो त्याच्या घरी जायचा. लहान मूल चमचा नाकात घालतं तेव्हा सगळं घर हसतं. साठीच्या बाईच्या बोटांतून दाणा निसटून गालावर फुटतो तेव्हा घरात हसायला कुणी नसतं. ती ओठ आवळून बसायची. कपाळावर डिसेंबरात घाम. बोटं दाण्यापर्यंत जायची आणि तिथं पोचल्यावर आपण कशाला आलो ते विसरायची.

तिसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं वाडगा उचलला आणि भिरकावला. म्हणाली, नको. आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

मी सोफ्याखालून, फ्रिजमागून, चपलांतून दाणे गोळा केले, धुतले. भिजवलेले दाणे टाकवत नाहीत. आणि शनिवारी प्रणाली वही बघायला मागणार. बसलो दाबत. पहिला चिरडला, दुसरा चिरडला. दहा-बारांचा चिखल झाला तेव्हा भिंतीकडून आवाज आला, “अंगठा आडवा धरला असेल.”

मी अंगठा उभा केला. चिरडला.

“उभा नव्हे हो. स्वल्प तिरपा. आणि दाबू नका. धरा आणि सोडा.”

पुढचाही चिरडला, पण सरोजा वळली. उशीला टेकून बसली. माझी बोटं बघून तिला हसू यायला लागलं. आजारपणानंतरचं पहिलं. म्हणाली, म्हशीनं मोती ओवावेत तसं दिसतंय. तासाभरानं एक दाणा सुळकन निघाला आणि माझ्या चष्म्यावर आपटला, तेव्हा तिनं डावा हात मांडीवर मारून दाद दिली. त्या दिवशी तिचे स्वतःचे सहा झाले होते. वहीत मी पन्नास लिहिले.

पन्नासच का, तर सहा लिहायला हात होईना. शनिवारी ते सहा बघून ती मुलगी काय म्हणेल, सरोजाचा चेहरा कसा होईल, एवढंच डोळ्यांसमोर. वाटलं, उद्या भरून काढू. पन्नास लिहिलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी सात लिहिता येत नाहीत. साठ लिहिले. मग ऐंशी. मग माझ्यातला तो दुसरा माणूस जागा झाला. नुसता आकडा लिहून माझं भागेना. शेरे सुरू झाले. आज करंगळीनंही हजेरी लावली. आज एकशे सदतिसावा दाणा थेट पंख्यावर. आज एका दाण्यानं शरण येऊन साल स्वतःच काढून ठेवली. मी ते रोज तिला वाचून दाखवायचो. ती डोळे पुसत हसायची. स्वतःचे आठ-दहा करायची, दमायची, म्हणायची, आता तुम्ही. आणि मी उरलेले सोलायचो, ती शिकवायची. जयम्मा शेंगा आणायची, दोन तास बसायची, तिला आम्ही वहीतलं सांगायचो, ती ते गल्लीला सांगायची. मुलगा पुण्याहून फोन करायचा, त्याला मी पंख्यावरचा दाणा सांगितला. सून रडली म्हणे आनंदानं.

खरं सांगतो, आणि हे माझं वाक्य तुम्ही जपून घ्यावं, कारण मी ते फार वेळा म्हणत नाही: आमच्या लग्नानंतरच्या चाळीस वर्षांतला तो सगळ्यात मजेचा महिना होता. इतकं समोरासमोर आम्ही कधी बसलो नव्हतो. घरभर सोगडूचा वास, खिडकीतून तिरपं ऊन, परातीत हिरवा ढीग. दिवसाला दोनशे दाणे सोलले जात होते. प्रणालीनं सांगितलं होतं अगदी तस्सं. फक्त दुसऱ्या माणसाच्या हातानं.

शनिवारी ती सरोजाला कपड्याचा चिमटा उघडायला द्यायची, मोठं बटण काजातून काढायला द्यायची. व्हायचं नाही. ती वही बघायची, हात बघायची, पुन्हा वही. म्हणायची, येईल काकू, इतकं करून राहिल्या तुम्ही. दुसऱ्या शनिवारी तेच. तिसऱ्या शनिवारी तिनं चिमटा बदलून बघितला. तिला चिमट्याचा संशय आला, माझा आला नाही. चांगल्या घरातली मुलगी होती.

संक्रांतीच्या आठवड्यात ती आली तेव्हा सरोजानं तिला एळ्ळु-बेल्ला दिला, म्हणजे आमचा इथला तिळगूळ, खोबऱ्याचे न् गुळाचे बारीक काप घातलेला. तिनं तो खाल्ला, हात पुसले आणि वही मांडीवर घेऊन बराच वेळ बसली. पानं उलटली, बेरजा केल्या. मग माझ्याकडे न बघता सरोजाकडे वळून अगदी हळू बोलली. इतक्या वेळा करूनही चिमूट आली नाही, म्हणजे उजव्या हाताला जेवढं यायचं होतं तेवढं आलं असावं. आता त्याच्या मागे लागून काकूंना थकवणं बरोबर नाही. आपण डाव्याला शिकवू. हुक डाव्या हातानं लावता येतात, तिनं बसवलेत पुष्कळांना. उजवा आधाराला राहील.

हा क्षण मला रोज दिसतो. खोलीत तिघंच होतो. मी एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या तोंडातून आयुष्यात कधी वाक्य अडलेलं नाही. लग्नात, मयतात, बसच्या रांगेत, मी कुठंही बोलू शकतो. त्या दिवशी माझी जीभ त्या हातासारखी झाली. मी सरोजाकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती. तीही काही बोलली नाही. प्रणालीनं वहीत शेवटची रेघ ओढली, डाव्या हाताचे व्यायाम लिहून दिले, आणि गेली.

दार लागल्यावर मी विचारलं, तू का नाही बोललीस.

ती म्हणाली, “तुमच्या वहीत माझा हात बरा होत होता. मला तो आवडायला लागला होता.”

ती पुढे म्हणाली की रोजच्या त्या आठ-दहा दाण्यांत आपला हात किती मेलाय ते दिसायचं, आणि संध्याकाळी वही ऐकताना वाटायचं, खरं असेलही. मीच घडवलेलं खोटं माझ्याच घरात कुणी इतकं मन लावून ऐकत होतं, आणि मी समजत होतो की ती विनोदाला हसतेय.

पुढे तीन आठवडे आम्ही त्यावर बोललो नाही. अवरे संपले. जयम्माच्या गाडीवर मटार आले. सरोजा डाव्या हाताचा अभ्यास करायची, निमूट, शाळेतल्यासारखा. एका सकाळी मी खोलीत गेलो तर ती आरशासमोर उभी होती. डाव्या हातानं वरचा हुक शोधत होती. हुक सापडायचा, काज निसटायचं. काज सापडायचं, हुक फिरायचा. आणि उजवा हात शेजारी लोंबत होता. घरात कामं चालू असताना पाहुण्याला आपण सांगतो ना, तुम्ही बसा हो, तुम्ही कशाला, आणि तो अवघडून बसतो. तसा.

मी गॅलरीत जाऊन प्रणालीला फोन लावला. ती रिक्षात होती, मारतहळ्ळीच्या पुलाजवळ अडकलेली, मागे हॉर्नचा कल्लोळ. मी सगळं सांगितलं. सजवलं नाही. सहा म्हणजे सहा सांगितले. कधी दहा, कधी नऊ, कधी एकही नाही, उरलेले मी.

मग ती म्हणाली, “काका, तुमच्या वहीवरून मी काकूंचा हात सोडून दिला ना.”

ओरडली असती तर बरं झालं असतं. नंतर कधीतरी तिनं सरोजाला सांगितलं की त्या दिवसांत ती स्वतःवरच शंका घेत होती, आपल्याला हे काम येत नाही असं तिला वाटायला लागलं होतं. म्हणजे माझ्या त्या दाण्यांनी एक नव्हे, दोन हात अडकवले.

ती दुसऱ्याच दिवशी आली. शनिवार नव्हता. अवरे नव्हते, तर भिजवलेले शेंगदाणे घेतले, चिमटे घेतले, पिठाच्या गोळ्या केल्या. मला खोलीबाहेर बसवलं. आतून सरोजाचं कण्हणं, चिडणं, क्वचित काहीतरी फरशीवर पडल्याचा आवाज. मी बाहेर खुर्चीत बसून ते ऐकायचो आणि खुर्चीचे हात धरून ठेवायचो. युगादीपर्यंत, म्हणजे आपल्या पाडव्यापर्यंत, असं चाललं. मग आठवड्यातून एकदा, मग महिन्यातून. आलं काही. मूठ आली. आता ती पेला धरते, निऱ्या दाबून धरते, कठड्याला धरून जिना उतरते. चिमूट आली नाही. हुक ती डाव्या हातानं लावते, सहा-सात मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ मी खोलीत नसतो.

डॉक्टरांना मी विचारलं होतं, पहिल्या त्या दोन महिन्यांत नीट झालं असतं तर. ते म्हणाले, सांगता येत नाही. काहींना येतं, काहींना सगळं करूनही येत नाही. मोठा सज्जन माणूस. त्यांना वाटलं, मला दिलासा हवाय. पण दिलासा घ्यायला मधे माझाच हात येतो. कारण आता मला हितकवरे येतात. सुरेख येतात. वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, लोखंडानं घट्टे पडलेल्या बोटांना, रोज दीड-दोनशे दाण्यांनी पाच आठवड्यांत ही कला आली, जी मला चाळीस वर्षांत आली नव्हती. प्रणाली सांगत होती ते खरं होतं. चुकत गेलं की रस्ता पडतो. पडला. तो कुणाच्या हातात पडायचा होता, एवढाच प्रश्न. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, अंगठा जरा तिरपा, दाबायचं नाही, धरायचं आणि सोडायचं, माझी चाल हुबेहूब तिची आहे. बघणाऱ्याला वाटावं, सरोजाच सोलतेय.

मधल्या दोन मोसमांत आम्ही घरात अवरे आणले नाहीत. दोघांपैकी कुणी तसं ठरवलं नव्हतं. मी म्हणायचो, यंदा कीड फार आहे. एकदा तर सांगितलं, सरकारनं बंदी घातलीय. ती म्हणायची, असेल.

आज दूध घेऊन आलो तर सरोजा गॅलरीत उभी. नाक तिलाही आहे. म्हणाली, अवरे आले ना. मी म्हटलं, आले, पण दव कमी पडलंय यंदा, वास नाही. तिनं कठड्यावरून वाकून जयम्माला हाक मारली.

दुपारी दोघींनी मिळून शेंगा सोलल्या. जयम्मा गेल्यावर दाणे भिजत पडले. पाचच्या सुमारास सरोजानं वाडगा टेबलावर ओढून घेतला, खुर्ची सरकवली, आणि डाव्या हातानं उजवा उचलून वाडग्याच्या काठावर ठेवला. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी समोर बसलो. तिनं मला उठा म्हटलं नाही, बसा असंही म्हटलं नाही.

बोटं पाण्यात गेली. दाण्याला लागली. दाणा सरकला, बोटं त्याच्या मागे गेली. पाचव्या-सहाव्या खेपेला तो कसाबसा अंगठ्याशी अडकला. आणि मी ते विचारून टाकलं, तीन वर्षं धरून ठेवलेलं.

“तेव्हा मी मधे हात घातला नसता, तर आला असता का गं?”

तिनं दाण्यावरची नजर काढली नाही. “मला माहीत नाही. तुम्हालाही नाही.”

मी टेबलावर सांडलेलं पाणी तळव्यानं पुसलं.

“आणि नसता आला, असं माझ्याकडून म्हणवून घेऊ नका,” ती म्हणाली. “तुमच्यासाठी मी पुष्कळ केलं. तेवढं एक करणार नाही.”

दाणा निसटला, टेबलावरून घरंगळत माझ्या बाजूला आला आणि कडेला थांबला. ती उठली. टेबलाला धरत, पाय ओढत वळसा घालून आली, माझ्या पुढ्यातून तो डाव्या हातानं उचलला, पुन्हा वळसा घालून जागेवर गेली, बसली, उजव्या बोटांत दिला. बोटं जवळ आली, थांबली, पुन्हा आली. साल फाटली आणि गर अंगठ्यावर पसरला. तिनं तो पदराला पुसला आणि पुढचा दाणा शोधायला लागली.

दिवे लागेपर्यंत ती बसली होती. किती झाले ते मला विचारू नका. मी सांगितलेल्या आकड्याला आता काय अर्थ. आमटीपुरते झाले नाहीत. आज आम्ही ताकभात जेवलो.